बटीक एक, नाव चिमी

१२ जानेवारी २०२५

ती. दादा,

तुला नमस्कार, सुप्रभावहिनींना नमस्कार आणि तुझ्या उजव्या गुडघ्यालाही नमस्कार. तोही हल्ली तुझ्यासारखाच वाकत नाही असं वहिनींकडून कळलं.

कागदावर लिहितेय याचं नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझे मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात मला, पण उत्तर नाही. पत्राला निळ्या खुणा नसतात. तेव्हा निर्धास्तपणे वाच, मला काही कळणार नाही.

येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. एवढा अबोला आपण लहानपणी माझ्या पाटीवर तू पाय दिला होतास तेव्हाही धरला नव्हता. वॉटफर्डच्या कुलसंमेलनात जे झालं ते वाईटच झालं, पण ते धरून किती दिवस बसायचं? दहा वर्षं खपून तू आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत काढलास. भूल देणारा डॉक्टर निवृत्त झाल्यावर साडेसहाशे पानांचं पुस्तक काढतो आणि ते वाचून कुणाला झोप लागत नाही, हे मी सगळ्यांना सांगत असे. त्यात एक चूक निघाली. आपली मीनल हातात पुस्तक घेऊन, त्यात छापलेल्या जुन्या मोडी कागदाच्या फोटोवर बोट ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी काका, पण इथे फोटोमध्ये पाठराखीण असं नाही लिहिलंय. बटीक लिहिला आहे. दॅट मीन्स स्लेव्ह." पोरगी इथे जन्मलेली, मराठी अडखळत बोलते, पण पीएचडीसाठी मोडी शिकली आणि सरळ आपल्यावरच वापरली. तू उभा राहिलास, "संपादक मी आहे, चूक माझी," म्हणालास आणि बसलास. विषय तिथेच संपायला हवा होता. त्यानंतर तू माझ्याशी बोलणं का टाकलंस, ते मला खरंच कळलेलं नाही.

माझं बरं चाललंय. थॉर्नबी कॉलेजच्या दप्तरखान्यात अजून चार वर्षं आहेत, मग निवृत्ती. सध्या एकच मोठं काम आहे. इथली बरीच जुनी विद्यापीठं करताहेत तशी आमच्या कॉलेजानेही चौकशी लावली आहे: आपल्या इमारती, आपली ग्रंथसंपदा, आपल्या शिष्यवृत्त्या यांत गुलामगिरीतून आलेलं किती आहे, ते शोधायचं. समितीत पाच जण आहेत. सगळे जुने कागद माझ्या ताब्यात असल्यामुळे माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही, आणि मी ते त्यांना अधूनमधून जाणवून देते.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझी,
नीना


२ फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

दोन ओळी आल्या नाहीत. हरकत नाही, मी लिहिते. बोलायला समोरचा माणूस लागतोच असं नाही, हे तूच तर थिएटरमध्ये भूल दिलेल्या पेशंटशी गप्पा मारून सिद्ध केलं होतंस.

इथे परवा मोठीच गोष्ट झाली. आमची जुनी लायब्ररी पेनफोल्ड नावाच्या माणसाच्या देणगीतून झाली. कॅरिबियन बेटांवर त्याचे उसाचे मळे होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण १७९१ साली त्याने कॉलेजला लिहिलेल्या पत्राची फक्त नक्कल आमच्याकडे होती, त्या वेळच्या ग्रंथपालाने स्वच्छ अक्षरात करून ठेवलेली. तीत एवढंच आहे की 'माझ्या मळ्यावरच्या नोकरवर्गाच्या श्रमातून' ही भेट देत आहे. दोनशे तीस वर्षं सगळ्यांनी तीच नक्कल वाचली. गेल्या आठवड्यात पेनफोल्डच्या वंशजांनी मूळ खर्डा पाठवला. दोन्ही कागद मी टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. खर्ड्यात नोकर नाहीत. गुलाम आहेत, आणि पुढे एकसष्ट नावं आहेत. ग्रंथपालाने नावं गाळली आणि शब्द बदलला.

मी समितीत काय बडबडले, विचारू नकोस. म्हटलं, मालकाने एकवेळ खरं लिहिलं, आणि या कारकुनाने ते पुसलं! दप्तर सांभाळणाऱ्यानेच असं करावं? अहवालात त्या ग्रंथपालाचं नाव घालून स्पष्ट लिहा की हा माणूस खोटारडा होता. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी इतकी तापलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

समितीत मार्सिया म्हणून एक इतिहासकार आहे, माझ्याच वयाची. तिचे आजीआजोबा जमैकाहून इथे आले. मीटिंगनंतर चहा घेताना ती सहज म्हणाली, "नीना, तुमच्याकडे भारतात असं काही होतं का? माणसं देण्या-घेण्याचं?" मी म्हटलं, "जातपात होती, ती वाईटच. पण हे असं नाही." ती बरं म्हणाली आणि तिने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी दोन खाल्ली.

आता एक कामाचं. मीनलचा ईमेल आला आहे. पुण्याचं कुलमंडळ वृत्तांताची दुसरी आवृत्ती काढतंय आणि शुद्धिपत्र तिच्याकडे दिलंय. तुलाही पाठवलं असेलच. त्यात चिमीच्या नोंदीखाली तिने लिहिलंय: 'मूळ कागदातील बटीक हा शब्द संपादकांनी घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी हेतुपुरस्सर बदलला होता.' दादा, हे फार झालं. छापून आलं की ते कायमचं. कुलवृत्तांत कोण फेकून देतं? तुझी नातवंडं, त्यांची नातवंडं तेवढं एक वाक्य वाचतील. एप्रिलच्या पाच तारखेला ते छापायला जाणार आहे. मी मीनलला सांगते, जरा सौम्य लिही म्हणून. मोठ्यांबद्दल असं लिहू नये.

तुझी,
नीना


२१ फेब्रुवारी २०२५

दादा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता एका दमात लिहिते.

मीनलला मी 'सौम्य लिही' म्हणून कळवलं. तिने लगेच फोन केला. म्हणाली, "आत्या, मी हर्श नाही होत आहे. पण कुणीतरी शब्द चेंज केला ना? आपोआप नाही झाला. जर काकांनी नाही, तर हू?" मी म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मार्सियाबरोबर त्या ग्रंथपालाचे बाकीचे कागद चाळत होते. मी परत त्याला शिव्या घालायला लागले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला नाही त्याचा एवढा राग येत. मला वाटतं, तो बिचारा कॉलेजवर प्रेम करणारा माणूस असेल. सुंदर लायब्ररी मिळालीय, सगळे खुश आहेत, आणि त्याच्या हातात हा कागद. त्याला कुणाचा आनंद घालवायचा नसेल. असंच तर होतं बहुतेक वेळा." आणि पुढचा गठ्ठा उघडला.

मला तिथे बसवेना. कोट घेऊन बाहेर आले आणि नदीच्या कडेने चालत राहिले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आई म्हणायची. ते मला उद्देशूनच होतं असं वाटलं.

तुला मोडी येत नाही. कागद तू मला पाठवायचास आणि मी वाचून बाळबोधीत उतरवून द्यायची, असं ठरलं होतं. आपल्या घराण्यात सून म्हणून आलेल्या उमाबाईंच्या लग्नातली आंदणाची यादी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. शके १७०६, म्हणजे १७८४. आपल्या घराण्यातला सगळ्यात जुना कागद म्हणून तू लहान मुलासारखा हरखला होतास. 'तांब्याचा हंडा एक, समया दोन, गाय वासरासह, बटीक एक, नाव चिमी, वय वर्षे दहा.' मी ते एकदा वाचलं, परत वाचलं. आंदणात दासी द्यायची चाल होती हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण आपल्या घरात, गाईच्या नंतर, दहा वर्षांची मुलगी.

मग मी लिहिलं: 'पाठराखीण एक, नाव चिमी.' नवरीबरोबर चार दिवस सोबतीला जाणारी घरचीच मुलगी. खोटं वाटू नये म्हणून वयही तसंच ठेवलं.

का केलं? तू त्या वेळी दर रविवारी आईच्या नर्सिंग होममध्ये जाऊन तिला नवीन पानं वाचून दाखवायचास. आईला बाकी काही कळेनासं झालं होतं, पण पूर्वजांची नावं ऐकून हसायची. तिला हे वाचून दाखवशील, असं डोळ्यापुढे आलं. हे एक कारण, आणि ते खरं आहे. पण मला स्वतःलाही लाज वाटली, हे दुसरं. आणि तिसरं असं की तू सगळ्यांना 'माझी बहीण विलायतेतल्या कॉलेजात दप्तर सांभाळते' म्हणून सांगायचास, त्या बहिणीने आणलेली बातमी चांगली असावी असं मला वाटलं. तेहेतीस वर्षं हेच काम करतेय मी. विद्यार्थ्यांना शिकवते की कागदातलं अक्षरही बदलायचं नाही.

तू मी दिलेलं छापलंस, विश्वासाने. शेजारी मूळ कागदाचा फोटोही छापलास. वॉटफर्डला मीनल उभी राहिली तेव्हा दोनशे माणसं तुझ्याकडे वळली आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा डोळ्यांवरच होता. तू म्हणालास, चूक माझी. मला बोलता आलं असतं. अजून कुणी काही विचारत होतं, वेळ होता. मी जेवायला गेले, श्रीखंड घेतलं.

'का बोलत नाहीस ते कळलेलं नाही' असं मी तुला जानेवारीत लिहिलं. कळलं होतं, दादा. पहिल्या दिवसापासून कळलं होतं. तुझ्या वाट्याला माझी बदनामी आली आणि तू ती मुकाट्याने घेतलीस. मला तुझी माफी हवी आहे. मिळेलच असं नाही, पण हवी आहे.

नीना


९ मार्च २०२५

ती. दादा,

उत्तराची वाट न पाहता केलं. तू 'नको' म्हणाला असतास तर मला ते निमित्त पुरलं असतं.

मीनलला सगळं लिहिलं. शुद्धिपत्रासाठी मजकूरही पाठवला, तो असा: 'पृष्ठ ४१ वरील आंदणयादीत मूळ शब्द बटीक असा आहे. म्हणजे विकत घेतलेली किंवा दिलेली दासी. मोडीचे वाचन नीना यांनी केले व हा शब्द त्यांनी जाणूनबुजून बदलला. संपादकांना याची कल्पना नव्हती. वॉटफर्डच्या संमेलनात त्यांनी चूक स्वतःवर घेतली तेव्हा नीना तिथे हजर होत्या व गप्प राहिल्या.' मीनलचा फोन आला. मला वाटलं आता ऐकवणार. ती नुसती म्हणाली, "आत्या, आर यू शुअर? हा लास्ट लाइन नको पाहिजे तर मी कट करते." मी म्हटलं, तेवढी राहू दे.

मग मार्सियाला सांगितलं. ते जास्त अवघड गेलं. तिच्या खोलीत उभी राहूनच सांगितलं की तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले, पण होतं, आमच्याकडे होतं, माझ्या घरात होतं, आणि मी त्या ग्रंथपालासारखंच केलं. तिचा चेहरा जरा कठीण झाला. ती म्हणाली, "चहाच्या वेळी मी विचारलं तेव्हा मला वाटलंच होतं. तू फार लवकर उत्तर दिलंस." मी सॉरी म्हटलं. तिने मला बसायला सांगितलं नाही, पण चिमीचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं, नीट, अक्षर अक्षर विचारून. पुढच्या मीटिंगला ती नेहमीसारखी बोलली. थोडी कमी नेहमीसारखी. ते मी सोसायला हवं.

अहवालाचं ठरलं. ती एकसष्ट नावं पहिल्याच पानावर येणार, देणगीदाराच्या चित्राच्या जागी. कॉलेजच्या दोन जुन्या मंडळींनी कुरकुर केली, की आता हे उकरून काय मिळणार. या खेपेला मी तापले नाही. मी म्हटलं, काही मिळणार नाही, पण हे खरं आहे आणि ते आपल्या कपाटात आहे. ग्रंथपालाबद्दलचं 'खोटारडा' मी स्वतःच खोडलं. त्याने काय केलं तेवढं लिहिलं, त्याचं नावही ठेवलं.

वहिनींनी काल फोन केला होता. म्हणाल्या, "तुमची पत्रं आली की हे डायनिंग टेबलवर बसून वाचतात आणि मग गार्डनमध्ये जाऊन उभे राहतात. मला काही सांगत नाहीत हो." तुझ्या त्या इवल्या बागेत मार्चच्या थंडीत उभा राहू नकोस. गुडघा धरेल.

आता मी लिहिणार नाही. तुला वाटेल तेव्हा लिही, न वाटलं तरी ठीक.

तुझी,
नीना


साउथहॅम्प्टन, २३ मार्च २०२५

प्रिय नीना,

तुझी चारही पत्रं मिळाली. माझं अक्षर डॉक्टरचं आहे, मोडीपेक्षा अवघड. सांभाळून घे.

मीनलला मी काल फोन करून तुझ्या मजकुरातलं एक वाक्य काढायला सांगितलं. 'संपादकांना याची कल्पना नव्हती' हे. ते खोटं आहे. तुला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून तुझा दोष नाही.

पुस्तक छापायला जाण्याच्या दोन महिने आधी पुण्याच्या अवधूतकडे मी काही कागद पाठवले होते. शाळेतला माझा मित्र, बँकेतून निवृत्त होऊन मोडी शिकवतो. तुझ्यावर अविश्वास नव्हता. तुझ्यावर कामाचा बोजा फार झाला होता आणि काही कागद राहिले होते, म्हणून पाठवले. त्यात चुकून आंदणाची यादीही गेली, तू उतरवून दिलेल्या प्रतीसकट. त्याने फोन करून सांगितलं, "उल्हास, हे पाठराखीण नाहीये रे. बटीक आहे. नीनाने कसं काय असं वाचलं?" मी म्हणालो, तिची नजर चुकली असेल, बघतो. पण तुझी नजर चुकत नाही हे मला माहीत आहे. तू माझ्यासाठी केलंस हे मला त्याच मिनिटाला समजलं. आणि मला बरं वाटलं. अगदी सुटल्यासारखं वाटलं. शब्द बदलायचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं, मला फक्त गप्प बसायचं होतं.

अवधूत म्हणाला, निदान पुस्तकातून त्या यादीचा फोटो तरी काढून टाक. पण ते अक्षर इतकं देखणं होतं की काढवेना. म्हटलं, आता मोडी कोण वाचतंय.

वॉटफर्डला मी तुझ्याकडे पाहिलं ते 'बोल' म्हणून नव्हतं पाहिलं. तू बोलशील या भीतीने पाहिलं. तू बोलली असतीस तर ते पुण्यापर्यंत गेलं असतं, अवधूतने 'मी उल्हासला आधीच सांगितलं होतं' म्हटलं असतं आणि लोकांना कळलं असतं की मला माहीत होतं. म्हणून 'चूक माझी' म्हणालो. लोकांना तो मोठेपणा वाटला. तुलाही वाटला. नंतर तुझे फोन यायचे आणि मला वाटायचं, ही आता कबूल करणार, मग मलाही करावं लागणार. म्हणून उचलले नाहीत. तीन वर्षं तू समजत राहिलीस की मी रागावलोय, आणि मी समजू दिलं. माफी तू मागतेस आणि मी बागेत जाऊन उभा राहतो. काय म्हणू?

मीनलने आता दोघांचीही नावं घातली आहेत. तिला सांगितलं, आधी चिमीचं घाल, मग आमची.

अजून एक कागद आहे. तो मी तुला कधी पाठवला नाही. अवधूतकडे गेलेल्या गठ्ठ्यात होता. यादीनंतर चार वर्षांनी उमाबाईंच्या नवऱ्याने सासऱ्यांना लिहिलेल्या पत्राची नक्कल. त्यात लिहिलंय: तुम्ही दिलेली बटीक चिमी श्रावणात निघून गेली. डाव्या हातावर भाजल्याची खूण आहे. दोन माणसं घाटापर्यंत पाठवली, गावोगाव विचारलं, शोध लागला नाही. म्हणजे तेव्हा ती चौदा वर्षांची असेल. त्यानंतर तिच्याबद्दल कुठेही काही नाही. ज्याने तो शोध घेतला त्याच्यापासून आपण सातव्या पिढीत आहोत.

शोध लागला नाही, हे अवधूतने वाचलं तेव्हा फोन हातात धरून मी मोठ्याने म्हणालो, "शाब्बास!" सुप्रभा स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणाली, काय झालं, कोण पास झालं? मी काही नाही म्हणालो. चार वर्षं तिला ते सांगितलं नव्हतं.

आज सांगितलं. ती म्हणाली, आधी नीनाला कळवा.

दादा